वहिनी, ते पुन्हा म्हण

नितीन गेल्याचं मर्सीला मीच कळवलं, आणि ते मराठीत कळवलं. फोन लावायच्या आधी इंग्रजी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. इतकी वर्षं इथे काढल्यावर तेवढं येतं मला. पण तिकडे नैरोबीत तिने फोन उचलला, तिचा तो भरदार आवाज आला, "वहिनी! हाऊ आर यू, माय डिअर?" आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मर्सी, नितीन गेला गं…" तिला 'वहिनी' या एका शब्दापलीकडे मराठी येत नाही. तरी काय म्हणालीस, असं तिने विचारलं नाही. मागे कुठे तरी कोंबडा आरवत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "वहिनी, डोन्ट हँग अप." मी फोन ठेवला नाही. इकडे अजमानमध्ये मी जेवणाच्या टेबलाशी आणि तिकडे ती तिच्या अंगणात, अशा दोघी फोन कानाला लावून बसून राहिलो.

नितीन माझा धाकटा दीर. उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणाऱ्या कारखान्यात तो एस्टिमेटर होता. म्हणजे कुठल्या इमारतीला किती माल लागेल, त्याचा हिशेब काढणारा. गेल्या महिन्यात एका दुपारी ऑफिसात जेवणाचा डबा उघडायच्या आधीच तो शेजारच्या माणसाला म्हणाला, "जरा पडतो." सोफ्यावर आडवा झाला तो झालाच. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. सकाळी निघताना माझ्याशी शेवटचं बोलला ते भेंडीबद्दल. "वहिनी, उद्या भेंडी नको हं, तीन दिवस झाले." मी म्हटलं, "बरं बाबा." असली वाक्यं शेवटची असतील हे कुणाला कळतं का…

दिवसकार्य झाल्यावर नाशिकहून नात्यातल्या एका काकांचा फोन आला. हळहळले, आणि मग म्हणाले, "पण काय गं, नितीन तिकडे नेमकं करायचा काय?" मी त्यांना कारखान्याचं सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र मला चैन पडेना. ते उत्तर अर्धंमुर्धं होतं. नितीन सोल गाण्यांचा गीतकार होता. ती गाणी इंग्रजीत आहेत, केनियातली एक बाई ती गाते, आणि तिथे ज्यांना ती पाठ आहेत त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की ती बहुतेक सगळी अजमानमध्ये आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात लिहिली गेली. म्हणून हे लिहायला बसले.

माझं लग्न झालं तेव्हा नितीन नववीत होता. मी वाईजवळच्या खेड्यातून नाशिकच्या बिऱ्हाडात आले. माझं बोलणं ऐकून सासरी सगळे गालात हसायचे. हा मात्र नुसता ऐकत बसायचा. घरातल्या पेटीवर काही ना काही वाजवायचा. पुढे कॉलेजात गेल्यावर कुणाकडून तरी जुना कीबोर्ड मिळवून गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला. कविताही करायचा. यमकं अगदी चोख, पण वाचून मनात काही राहायचं नाही, हे मी त्याला तेव्हाही सांगायचे आणि तो रागवायचा नाही. माझे यजमान, श्रीकांत, आधी शारजात आले, गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत अकाउंट्स बघायला. मग मी आणि आमची ईशा. दुबईत जिकडे बघावं तिकडे टॉवर उठायला लागले त्या दिवसांत नितीनही आला. इमारतींना बाहेरून काच लावणारी मोठी कंपनी होती, तिथे लागला. तेव्हा आम्ही सगळेच फार खुशीत होतो. दर शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, ईशाला काही ना काही आणायचा, आणि ती त्याला इंग्रजीतच सगळी शाळा सांगायची.

अशाच एका शुक्रवारी तो आला तो वेगळाच. कंपनीची पार्टी दुबईच्या डेरा भागातल्या एका हॉटेलात होती आणि तिथे बँड होता. जेवता जेवता म्हणाला, "वहिनी, तिथे एक बाई गात होती. एकच ओळ चार वेळा गायली. पहिल्यांदा मला वाटलं, शब्द विसरली असेल. आणि चौथ्या वेळी ती ओळ वेगळीच झाली. शब्द तेच होते, पण माझ्या हातातला घास तसाच राहिला." त्याने त्या गाण्याला 'सोल' म्हणतात असं सांगितलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून निघालेलं गाणं, देवाला जे म्हणायचं तेच माणसाला म्हणतात, असं काहीसं. मी म्हटलं, "म्हणजे अभंगासारखं का रे?" तो मग म्हणाला, "तसंच. फक्त इथे विठ्ठल घर सोडून गेलेला असतो." मला सोलबद्दल आजही याच्याहून जास्त काही कळत नाही. पण एवढं पुरतं.

ती बाई म्हणजे मर्सी. नैरोबीची, तिशीतली. घरी म्हातारी आई आणि एक मुलगा, त्यांच्यासाठी इथे येऊन हॉटेलात दुसऱ्यांची गाणी गात होती. नितीन तिच्या बँडच्या मागे लागून त्यांच्या तालमींना जायला लागला, कधी कीबोर्ड वाजवायला बसू लागला, आणि एक दिवस त्याने तिला स्वतः लिहिलेलं इंग्रजी गाणं दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि परत केलं. "हे तू कुठे तरी वाचलेलं आहेस," ती म्हणाली, "कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाहीस." हे त्याने मला हसत हसत सांगितलं, पण त्याला ते लागलं होतं.

त्याच सुमाराला माझे वडील साताऱ्याला हॉस्पिटलात होते. मला जायला मिळत नव्हतं, ईशाची परीक्षा होती. शुक्रवारचं जेवण मी कसंबसं केलं होतं. पानं वाढताना श्रीकांत म्हणाले, "तूही बस." मी म्हटलं, "तुम्ही घ्या. माझी भूक मेलीये."

नितीनने वर बघितलं. "वहिनी, ते पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"भूक मेलीये म्हटलं. त्यात काय?"

तो जेवण अर्धं टाकून उठला आणि ईशाच्या चित्रकलेच्या कागदावर काही तरी लिहीत बसला. माय हंगर डाइड… अशी ती ओळ सुरू होत होती. माझी भूक मेली, तिला पुरायला कुणी आलं नाही, ताटाला काय सांगू, असं ते गाणं होतं. इंग्रजीत ते वेडंवाकडं वाटतं म्हणे. इंग्रजीत भूक मरत नाही. पण मर्सीने ते उभ्याने वाचायला घेतलं आणि वाचता वाचता खाली बसली. "हे कोण म्हणालं?" तिने विचारलं. "माझी वहिनी." तेव्हापासून मी तिच्या लेखी 'वहिनी' झाले. माझं खरं नाव तिने कधी विचारलंच नाही.

एका शुक्रवारी दुपारी मी ईशाला घेऊन त्यांच्या तालमीला गेले. दुबईच्या अल क्वोज भागात एका गोदामात त्यांनी जागा घेतली होती, वर पत्रा, एका कोपऱ्यात खोकी रचलेली, पंख्याचा घरघराट. हॉटेलात गाणारी म्हणून मी काही तरी चकचकीत बाई मनात धरली होती. मर्सी सपाता घालून, केसांना फडकं बांधून बसली होती, आणि मी नेलेलं थालीपीठ तिने पंखा बंद करून, अगदी मन लावून खाल्लं. मग उठून हात पुसले आणि उभ्या उभ्या गायली. माझ्या स्वयंपाकघरातली ती ओळ. एकदा, दोनदा… तिसऱ्या वेळी तिचा आवाज मध्येच फाटला. गळा बसतो तसा नव्हे, कापड ओढल्यावर फाटतं तसा. मला साताऱ्याचं ते हॉस्पिटल दिसायला लागलं. वडील तोवर गेले होते. मी ईशाला जवळ ओढून घेतलं. ईशा माझ्या कानात म्हणाली, "आई, व्हाय आर यू क्राइंग? शी इज सो गुड." नितीन कीबोर्डवर होता. सगळे तिच्याकडे बघत होते, हा एकटा स्वतःच्या बोटांकडे बघत होता. तेव्हाच मी ओळखलं. ज्याच्याकडे बघावंसं वाटतं त्याच्याकडे न बघणं, हे आमच्या घरातल्या पुरुषांना पिढ्यान् पिढ्या जमतं.

मग मंदी आली. ती कशी आली ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आधी नुसती कुजबुज, मग शेजारपाजारची कुटुंबं एकेक करून सामान विकायला लागली. नितीनची कंपनी ज्या टॉवरला काच लावत होती तो अर्ध्यात थांबला. कापून आलेल्या काचा आवारात उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या इमारतीच्या मापाच्या काचा, दुसऱ्या कुठल्याही इमारतीला न बसणाऱ्या. तो म्हणायचा, "वहिनी, संध्याकाळी त्यांच्यात उतरतं ऊन दिसतं. इतकं सुंदर दिसतं आणि कुणाच्याच कामाचं नाही." एक दिवस त्यांच्या साहेबाने सगळ्यांना बोलावलं, हात झटकून दाखवले आणि म्हणाला, "खलास." नितीनचा कामाचा व्हिसा रद्द झाला; पुढे तो व्हिजिट व्हिसावर राहिला. कंपनीची खोली सोडून तो बॅगा आणि कीबोर्ड घेऊन आमच्याकडे आला. आम्हीही शारजातलं घर सोडून अजमानला लहान घरात आलो होतो. आतली छोटी खोली त्याला दिली.

हॉटेलांना गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा सगळ्यांत आधी बँड गेले. मर्सीचंही तेच झालं. तिला मुदतीच्या आत देश सोडायचा होता. जायच्या आधी नितीनने तिला घरी जेवायला आणलं. मी पुरणपोळी केली. श्रीकांत मुळात अबोल, तिच्याशी काय बोलावं त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तिला विचारलं, "नैरोबीत हवा कशी असते?" ती म्हणाली, "थंड. नितीनला स्वेटर लागेल." तिने ते अगदी सहज म्हटलं होतं. नितीनचे कान लाल झाले. निघताना तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वहिनी, याला माझ्याकडे पाठव." मी म्हटलं, "इन्शाल्ला." दुसरा कुठला शब्द सुचला नाही. तोच त्या वेळी सगळ्यात खरा वाटला.

ती गेल्यावर तो सकाळी नोकरी शोधायला बाहेर पडायचा तो उन्हं कलल्यावर परतायचा. श्रीकांतना त्यांच्या कंपनीने काही महिन्यांसाठी ओमानला पाठवलं होतं. ईशा शाळेत. मी दिवसभर एकटी. एके दिवशी तो दारातून आत आला आणि मी काही विचार न करता बोलून गेले, "अरे, लवकर येत जा रे. दिवसभर घर खायला उठतं."

तो पायातले बूट न काढता दारातच उभा राहिला. "वहिनी…"

"हो, म्हणते पुन्हा," मी म्हटलं. "घर खायला उठतं."

त्यातून जे गाणं झालं ते त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं. घर उठून उभं राहतं, दारं तोंडासारखी उघडतात, आणि घरातली बाई त्याला सांगते, थांब, तो आला की दोघांना मिळून खा. मला त्याने अर्थ सांगितला तेव्हा अंगावर काटा आला. मी म्हटलं, "अरे, मी एवढं काही म्हटलं नव्हतं." "म्हटलं होतंस," तो म्हणाला. "तुम्हाला सवय झालीये म्हणून ऐकू येत नाही." त्याने चाल लावून, स्वतःच्या त्या बारीक आवाजात कशीबशी गाऊन ती मर्सीला पाठवली. तिने तिथे एका लहानशा स्टुडिओत रेकॉर्ड केली. आणि ते गाणं गाजलं. तिथल्या रेडिओवर वाजायला लागलं, छोट्या छोट्या बसमध्ये वाजायला लागलं. तिथेही तेव्हा माणसं घरापासून लांब होती, नोकऱ्या जात होत्या, आणि घरं सगळ्यांनाच खायला उठत होती. काही महिन्यांनी तिने सीडी पाठवली. ईशाने पाकीट फोडलं, मागचं वाचलं आणि किंचाळली, "आई! यू आर ऑन द सीडी!" गीतकार म्हणून दोन नावं छापली होती, नितीन आणि वहिनी. तिथे एका मुलाखतीत कुणी तरी मर्सीला विचारलं म्हणे, ही वहिनी कोण? ती म्हणाली, ती माझी सगळ्यात जुनी गीतकार आहे, ती स्वयंपाकघरात लिहिते. मी नितीनला रागावले. असं माझं नाव लावतात का! तो म्हणाला, "तुझं नाव कुठे लावलंय? तुझं नातं लावलंय."

उम्म अल कुवैनची नोकरी लागल्यावर त्याने नाशिकला आईंना फोन करून मर्सीशी लग्न करायचं ठरवल्याचं सांगितलं. आई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, "आई, मुलगी फार चांगली आहे हो." त्या म्हणाल्या, "असेल गं. काळी की गोरी, त्याचंही मला काही नाही. पण मी तिच्याशी बोलू कशी? घरात सून आली आणि तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही, तर मी काय करू?" मी म्हटलं, शिकेल ती हळूहळू. आई म्हणाल्या, "बघू." त्या 'बघू'मध्ये अर्धा होकार होता, मला कळलं. नितीनने नैरोबीचं तिकीटही बघायला सुरुवात केली होती.

आणि आईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. श्रीकांतच्या पगारावर घर चालत होतं, ईशाची दहावी होती. नितीन एकाच वाक्यात म्हणाला, "मी जातो." हाती आलेली नोकरी सोडून तो नाशिकला गेला आणि वर्षाहून जास्त तिथे राहिला. आईंना भरवायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, सगळं त्याने केलं. फोनवर मला सांगायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, आज मर्सीचं गाणं लावलं होतं. आई ऐकत होती. संपलं तशी डाव्या हाताने पलंगावर थापटायला लागली. मला वाटलं पाणी हवंय. पाणी नको, उशी नको. मग मी गाणं परत लावलं. तेव्हा थांबली." त्यानंतर रोज दुपारी तेच. गाणं संपलं की आई पलंगावर थापटायच्या आणि तो परत लावायचा. त्याने हे मर्सीला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "मग आम्ही बोलतो आहोत की."

पण वर्ष फार मोठं असतं. तिची आई थकली होती, मुलगा मोठा होत होता, आणि नितीन कधी येईल हे त्यालाच सांगता येत नव्हतं. सांगायचं म्हणजे आईंच्या मरणाची वाट बघितल्यासारखं झालं असतं, आणि ते त्याच्याकडून होणार नव्हतं. तिच्या चर्चमध्ये एक विधुर शिक्षक होता, भला माणूस. तिने नितीनला स्वतः फोन करून विचारलं, त्याच्याशी लग्न करू का म्हणून. सांगितलं नाही, विचारलं. तो हो म्हणाला. पुढे दोन महिन्यांनी आई गेल्या.

तो परत आला, कारखान्याने त्याला पुन्हा घेतलं, आणि आतली खोली पुन्हा भरली. आल्या आल्या पहिल्याच संध्याकाळी चहा घेताना त्याने मला हे सगळं सांगितलं, बातमी सांगावी तसं. शेवटी म्हणाला, "तिच्या नवऱ्याला माझी गाणी फार आवडतात. स्वतः तिला स्टुडिओत सोडायला येतो."

"अरे, मग आता तू…"

"आता काय वहिनी? ती गाते, मी लिहितो."

मी ओट्याकडे तोंड केलं. म्हटलं, "पोटात कालवलं रे माझ्या." मला वाटलं, आता म्हणेल, पुन्हा म्हण. तो म्हणाला नाही. त्याने कप उचलला, विसळला, पालथा घातला आणि खोलीत गेला.

त्यानंतर त्याने खूप लिहिलं. त्याची सगळ्यात चांगली गाणी त्या वर्षांतली, असं मर्सी म्हणते. तिथल्या दोन-तीन नव्या गायिकाही ती गायला लागल्या. पुढे अल क्वोजच्या त्याच गोदामांमध्ये चित्रांची दालनं झाली, गाण्याचे कार्यक्रम व्हायला लागले, आणि एका शुक्रवारी तिथे आमची ईशा त्याचं गाणं गायली. 'भूक मेली'चंच. तोवर ती नोकरीला लागली होती. तिने स्टेजवरून सांगितलं, "धिस इज बाय माय काका." लोकांनी मागे वळून बघितलं तर हा खांबाच्या आड. घरी येताना ती त्याला म्हणाली, "काका, यू शुड राइट वन इन मराठी." तो म्हणाला, "नको गं बाई. मराठीत लिहिलं तर सगळ्यांना कळेल, मी तुझ्या आईच्या तोंडचं चोरतो." पोट धरून हसला. तो असा हसायचा तेव्हा मला वाटायचं, सुखात आहे. असेलही. लग्नाचा विषय मी दोन-चारदा काढला. तो इतक्या गोडीने टाळायचा की रागही यायचा नाही. मर्सीच्या मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा त्याने आम्हाला पेढे दिले. इतका आनंद स्वतःच्या कुठल्या गाण्याचा त्याला झालेला मी बघितला नाही.

त्याला इथेच अग्नी दिला. अस्थी श्रीकांत नाशिकला घेऊन गेले, गोदावरीत सोडून आले. त्या रविवारी नैरोबीहून मर्सीचा व्हिडिओ कॉल आला. ती चर्चमध्ये उभी होती, बाजूला नवरा, मागे बरीच माणसं. नवऱ्याने हात जोडले, कुणी तरी शिकवले असावेत तसे. मग तिने 'घर' म्हटलं. शेवटाला सगळं चर्च तिच्याबरोबर म्हणत होतं, थांब, तो आला की दोघांना मिळून खा… कधीही न बघितलेली इतकी माणसं माझ्या दुपारच्या एकटेपणाचं वाक्य म्हणत होती, आणि ज्याने ते ऐकून उचललं होतं तो नव्हता. ईशा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. श्रीकांत मध्येच उठून बाल्कनीत गेले.

श्रीकांतबद्दल थोडं सांगायला हवं. भावाच्या गाण्यांवर ते कधी काही बोलले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला त्यातलं काही कळत नाही." नितीन गेल्यावरही ते कागदपत्रांमागे धावले, दूतावासात गेले, सगळं नीट पार पाडलं, आणि माझ्यासमोर एकदाही रडले नाहीत. मला त्यांची काळजी वाटत होती.

नितीनची गाडी आमच्या इमारतीखाली उभी आहे. जुनी, पांढरी. तो गाण्यांच्या चाली त्या गाडीत बसून लावायचा. भिंती पातळ, शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून कारखान्यातून आला की वर येण्याआधी काचा बंद करून अर्धा-अर्धा तास गात बसायचा. इमारतीतली मुलं त्याला हसायची. आता ती गाडी धुळीने भरते. धुळीने भरलेल्या गाडीवर नगरपालिकेचे लोक नोटीस चिकटवतात, म्हणून वॉचमन ती अधूनमधून पुसतो. विकून टाकू, असं मी एकदा म्हटलं. श्रीकांत म्हणाले, "बघू." आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी किल्ली घेऊन खाली जायला लागले. म्हणतात, "सुरू करून येतो. बॅटरी उतरेल."

परवा कपडे काढायला मी बाल्कनीत गेले होते. सहज खाली बघितलं. गाडी सुरू होती, काचा बंद होत्या, आणि श्रीकांत स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले समोरच्या काचेतून दिसत होते. आधी मला वाटलं, फोनवर बोलतायत. मग दिसलं, फोन नाही. त्यांचं तोंड हलत होतं. एकदा, मग थांबून पुन्हा, मग पुन्हा. डोळे मिटलेले होते आणि मान वर गेली होती. चौथ्या मजल्यावर काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. मी वाळलेले कपडे तसेच दोरीवर सोडले आणि ते गाडी बंद करेपर्यंत तिथेच उभी राहिले.